‘चालवला की मोकळा होतो’ म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घोडा तबेल्यातून बाहेर काढला की पहिली दहा मिनिटं आखडून चालतो, पावलं छोटी टाकतो, पाठ ताठ धरतो आणि मग हळूहळू सुटत जातो, हे घोडा ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाने पाहिलेलं असतं आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं, "काही नाही, चालवला की मोकळा होतो". मी हे पत्र त्या एका वाक्यामुळे लिहितेय. मोकळा होतो हे खरंच आहे हो, पण उभं राहिल्यावर आखडणं आणि हालचालीने सुटणं हेच तर सांध्याच्या झिजेचं सगळ्यात नेहमीचं लक्षण आहे, म्हणजे जे बघून डॉक्टरला फोन लावायचा तेच बघून आपण निश्चिंत होतो, असं करत करत वर्ष दोन वर्षं निघून जातात आणि एक दिवस घोडा उघड लंगडायला लागला की सगळे म्हणतात अचानक कसं झालं. अचानक काही झालेलं नसतं.

सांध्यात काय होतं ते आधी सांगते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, त्याला ना रक्तवाहिन्या असतात ना नसा. त्याचं पोषण सांध्यातल्या चिकट द्रवातून होतं, पाय टेकला की कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, उचलला की परत द्रव ओढून घेते. त्यामुळे नुसतं उभं राहणं सांध्याला मुळीच मानवत नाही. आणि नसा नसल्यामुळे कूर्चा झिजायला लागली तरी सुरुवातीला दुखतच नाही, दुखायला लागतं ते सांध्याच्या आवरणाला सूज आल्यावर किंवा कूर्चेखालच्या हाडावर ताण आल्यावर. म्हणजे आपल्याला दिसेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते. झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, कुठल्याही पावडरने नाही आणि कुठल्याही इंजेक्शनने नाही, म्हणून सगळी धडपड उरलेली वाचवण्याची असते आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं.

लक्षात यायला उशीर होण्याचं अजून एक कारण आहे. एक पाय दुखत असेल तर घोडा लंगडतो, ते कोणालाही दिसतं. पुढचा पाय दुखत असेल तर दुडकी चालीत (चालण्यापेक्षा वेगाची, उडत्या पावलांची चाल) तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं, मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. पण दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर तो कुठल्या पायावर लंगडणार? मग तो लंगडत नाही, नुसता ताठ होतो. पाऊल आखूड पडतं, चाल चपटी होते, मागचे पाय पोटाखाली येत नाहीत आणि लोक म्हणतात "आळशी झालाय". मागच्या पायाच्या हॉकचं, म्हणजे मागे टोक आलेल्या त्या मोठ्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा असंच दोन्ही बाजूंना असतं. हॉकच्या खालच्या बाजूला जे छोटे, फार न हलणारे सांधे आहेत ना तिथे झीज होते आणि वरून हात लावून काही कळतही नाही कित्येकदा.

कळतं ते स्वाराला, जर त्याने मनावर घेतलं तर. एका बाजूला कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची धावती चाल, नीट उचलतो आणि दुसऱ्या बाजूला दर वेळी चुकीचा पाय पुढे टाकतो. आधी सहज मारायच्या त्या उडीपुढे थांबतो. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकतो. उतारावर तिरका चालतो. मागच्या खुराचं पुढचं टोक जमिनीवर घासत जातं आणि नाल पुढून झिजते (नालबंदाला विचारा, जुनी नाल कुठून झिजली हे तो एका नजरेत सांगेल, आणि पाय वर धरून ठेवायला घोडा कधीपासून कुरकुर करतोय हेही त्यालाच सगळ्यात आधी माहीत असतं). खोगीर सारखं एकाच बाजूला सरकतं हेही मागच्या पायाच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं. मागचा एक पाय दुखत असला की पाठीची हालचाल वाकडी होते आणि खोगीर त्या हालचालीबरोबर सरकतं, त्या पायाला सुन्न करणारं इंजेक्शन दिलं की तेच खोगीर सरळ बसतं. आपण मात्र नवीन खोगीर शोधत फिरतो.

स्यू डायसन नावाच्या ब्रिटिश पशुवैद्य आहेत, घोड्यांच्या लंगडेपणावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या 24 वागणुकींची यादी 2018 मध्ये मांडली, कान बराच वेळ मागे ठेवणं, शेपूट सारखी झटकणं, तोंड उघडं धरणं, डोकं वाकडं करणं, एकटक ताणलेली नजर, अडखळणं, मागच्या टापा घासणं वगैरे. यातल्या 8 किंवा जास्त गोष्टी दिसल्या तर घोड्याला हाडांचं, सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता खूप वाढते. ही यादी मला फार मोलाची वाटते कारण यातल्या बहुतेक गोष्टींना आपल्याकडे स्वारी शिकवताना एकच नाव असतं, हट्टीपणा, आणि त्यावर उपायही एकच असतो, टाच आणि चाबूक. दुखणाऱ्या जनावराला मारून पुढे काढणं हे मला बघवत नाही, आणि मारून तो पुढे जातो म्हणजे त्याला दुखत नव्हतं असं अजिबात सिद्ध होत नाही. घोडा हा कळपात राहून शिकाऱ्यापासून पळणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे.

आता शंका आली तर काय करायचं. घोड्यांचं काम करणाऱ्या व्हेटला बोलवायचं आणि त्यांना पूर्ण तपासू द्यायचं. सरळ रेषेत चालवून आणि दुडकवून बघणं, कडक जमिनीवर, मऊ जमिनीवर, दोन्ही बाजूंच्या वर्तुळात, मग एकेक सांधा थोडा वेळ दुमडून धरून लगेच दुडकवणं, आणि नेमकी जागा सापडत नसेल तर खालून वर एकेक भाग सुन्न करत जाऊन बघणं. एक्स-रे त्यानंतर. आधीच एक्स-रे काढून "इथे दिसतंय बघा" म्हणण्यात गंमत नाही कारण एक्स-रेमध्ये खूप झीज दिसणारा सांधा कमी दुखत असतो आणि स्वच्छ दिसणारा सांधा जास्त दुखत असतो असं पुष्कळदा होतं. डॉक्टर यायच्या आधी घोड्याचे मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, तबेल्यातून बाहेर पडतानाचे थंड असतानाचे आणि अर्ध्या तासानंतरचे, कारण डॉक्टर येतात तेव्हा नेमका तो छान चालतो.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, सगळा ताठरपणा सांध्याचा नसतो आणि काही ताठरपणात घोडा चालवणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेऊन उभा आहे, वळताना खूपच त्रास होतोय, खूर गरम लागतायत आणि खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडतेय, तर तो खुराच्या आतला दाह, लॅमिनायटिस असू शकतो. कामाच्या मधेच किंवा कामानंतर थोड्याच वेळात पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे झाले, घाम फुटला, हलायला तयार नाही, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर ते स्नायूंचं गंभीर दुखणं. दोन्हीत आहे तिथेच थांबवायचं आणि डॉक्टर बोलवायचे, "जरा फिरवून बघू" बिलकुल नाही. तिसरी गोष्ट सांध्याजवळची जखम. छोटंसं भोक असतं, त्यातून पिवळसर चिकट पाणी येत असतं, घोडा पहिल्या दिवशी फारसा लंगडतही नाही म्हणून लोक पावडर टाकून सोडून देतात. सांध्यात जंतू गेले तर कूर्चेची वाट लागते आणि घोडा वाचवणंही अवघड होतं, त्यामुळे ही त्याच दिवशी, खरं तर त्याच तासात डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे.

बाकी राहिली ती रोजची झीज, आणि इथे औषधापेक्षा दिवस कसा जातो याला जास्त किंमत आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपण घोड्यावर असतो तासभर. उरलेले 23 तास तो जर चार भिंतींत उभा असेल तर त्या एका तासात कितीही काळजी घेतली तरी सांधे आखडणारच. घोड्याचं शरीर दिवसभर चरत चरत हळूहळू पुढे सरकण्यासाठी बनलंय. मोकळं आवार असेल तर जमेल तितका वेळ सोडा, नसेल तर दिवसातून दोन तीन वेळा हातात धरून चालवा, तेवढ्यानेही फरक पडतो. आठवडाभर उभा आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास पळवला, हा प्रकार तर सांध्यांसाठी सगळ्यात वाईट, त्यापेक्षा रोज थोडं थोडं काम शंभर पटीने चांगलं. पूर्ण विश्रांती ताज्या दुखापतीत लागते, जुन्या झिजेत महिनोन्महिने उभा ठेवला तर स्नायूही जातात आणि सांध्याला आधार देणारं काही उरत नाही.

वर बसल्यावर पहिली पंधरा वीस मिनिटं फक्त चाल, म्हणजे साधं चालणं. लगाम सैल, मान लांब करू द्यायची, सरळ रेषा आणि मोठी वळणं. बऱ्याच जणांना हे कंटाळवाणं वाटतं, पाच मिनिटं फिरवून लगेच दुडकी, लगेच गोल, आणि घोडा तोंड वर करून ताठ झाला की लगाम ओढून मान खाली बसवायची. मान खाली आली म्हणजे पाठ सुटली असं नसतं. पाठ सुटते ती मागचे पाय आत यायला लागल्यावर आणि ते यायला वेळ लागतो, वयस्कर घोड्याला तर जास्तच. छोटी वर्तुळं टाळा, वर्तुळात आतल्या बाजूच्या पायांच्या सांध्यांवर तिरका भार येतो, आणि दोरीवर गोल गोल पळवून "आधी दम काढू मग बसू" ही सवय सांधे खराब असलेल्या घोड्यासाठी खरंच सोडायला हवी. मधे मधे चालीवर आणा, बाजू बदला, शेवटी पुन्हा दहा मिनिटं चाल. हलक्या चढावर चालवणं, जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून सावकाश चालवणं, गाजर दाखवून मान पोटापर्यंत आणि दोन पायांच्या मधे वळवायला लावणं, याने पाठीचे खोलवरचे स्नायू तयार होतात आणि सांध्यांचं ओझं वाटलं जातं. हे सगळं डॉक्टरने हो म्हटल्यावर, आणि घोडा कुठे नाही म्हणतोय ते बघत.

जमीन बघा. खूप कडक जमिनीवर दुडकवलं की हादरे बसतात, खूप खोल मऊ वाळूत पाय रुतून कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि सांधे दोन्ही ताणले जातात, आणि एकाच रपेटीत कडक-मऊ-कडक असं होत राहिलं तर अजून वाईट.

खुरांबद्दल मात्र मी कितीही लिहीन. घोड्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. खुराचं पुढचं टोक लांब झालं आणि टाच खाली बसली की पाय जमिनीवरून उचलताना खूर उलटायला उशीर होतो आणि तो सगळा ताण खुरातल्या सांध्यावर आणि मागच्या कंडरेवर येतो, हजारो पावलं, रोज. चार ते सहा आठवड्यांनी नालबंद यायला हवा, "अजून नाल टिकलीय ना" हा विचार चुकीचा आहे कारण नाल टिकते पण खूर वाढतच असतो. एक्स-रे काढलेले असतील तर ते नालबंदाला दाखवा, डॉक्टर आणि नालबंद यांना एकमेकांशी बोलायला लावा. ही दोन माणसं एकाच पायावर काम करतात आणि बहुतेक ठिकाणी एकमेकांना ओळखतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

वजनाचंही तसंच. गुबगुबीत घोडा म्हणजे छान ठेवलेला घोडा असं आपल्याला वाटतं. 1983 मध्ये अमेरिकेत हेनेके यांनी 1 ते 9 अशी घोड्याच्या अंगावरच्या चरबीची मोजपट्टी बनवली, ती आजही सगळीकडे वापरतात, मधला 5 म्हणजे ठीक, बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवला की सहज लागतात. सांधे दुखणाऱ्या घोड्याचं जास्तीचं वजन कमी करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, चंदी, म्हणजे दाणा, कमी करा, चारा तोडू नका. आणि स्वाराचं वजनही मोजा. 2008 मध्ये अमेरिकेतच एका छोट्या अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के ओझं ठेवून बघितलं, 25 आणि 30 टक्क्यांना हृदयाचे ठोके आणि स्नायूंचा त्रास जास्त दिसला. म्हणजे 500 किलोच्या धडधाकट घोड्यावर खोगीर धरून 100 किलो ही वरची रेषा समजायची, सांधे गेलेल्या घोड्यासाठी त्याच्याही बरंच खाली. आवडत्या घोड्यावर आपण बसू नये हे मान्य करणं जड जातं, पण ते मान्य करणारी माणसं मी पाहिलीयत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. चढताना रिकिबीला लोंबकळून चढू नका, काहीतरी उंच वस्तू घ्या, एका बाजूने रोज पाठ ओढली जाते ती वाचेल.

औषधांचं शेवटी लिहितेय कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. फिनाइलब्युटाझोन, ज्याला घोडेवाले ब्यूट म्हणतात, ते वेदना खरंच कमी करतं आणि डॉक्टरने मोजून दिलं तर म्हाताऱ्या घोड्याचे दिवस सुखाचे करतं. पण जास्त डोस किंवा दीर्घकाळ, पाणी कमी प्यायलेल्या घोड्याला, किंवा त्याबरोबर दुसरं वेदनाशामक, यात पोटात आणि आतड्यात अल्सर होतात, किडनीवर परिणाम होतो. आणि रपेटीआधी पावडर देऊन दुखणं झाकायचं आणि मग उड्या मारायला लावायचं हे तर जाणूनबुजून सांधा संपवणं आहे. अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या शर्यतीत 1968 मध्ये पहिला आलेला डान्सर्स इमेज हा घोडा याच औषधाचे अंश सापडले म्हणून अपात्र ठरला होता, त्याच्या घोट्यांचं दुखणं जुनं होतं. पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला आणि आपण अजून तिथेच आहोत. सांध्यात देतात ते स्टिरॉइडचं किंवा हायल्युरॉनिक ॲसिडचं (सांध्यातल्या द्रवातला चिकट घटक) इंजेक्शन योग्य सांध्यात, योग्य कारणासाठी चांगलं काम करतं, पण ते काही महिन्यांसाठीच. स्टिरॉइडने लॅमिनायटिसचा धोका वाढू शकतो, विशेषतः जाड आणि हार्मोनचा त्रास असलेल्या घोड्यात, आणि इंजेक्शनमधून संसर्ग क्वचित होतो पण झाला तर फार वाईट होतो. सांध्यांसाठी म्हणून खाण्यातून देतात त्या ग्लुकोसामाइनच्या डब्यांबद्दल विचाराल तर पुरावा कमजोर आहे, तेवढा पैसा नालबंदाला द्या.

काम बदलणं म्हणजे घोडा संपला असं नाही. उड्या बंद झाल्या तरी सरळ वाटेवरची रपेट चालते, ती बंद झाली तरी हातात धरून फिरणं चालतं, हलकं मूल पाठीवर घेऊन चालीवर फिरणं कित्येक घोड्यांना मानवतं. पण उठताना त्रास होतोय, आडवा होऊन झोपतच नाही, कळपात मागे राहतो, औषध चालू असूनही पाय बदलत उभा राहतो, हे दिसायला लागलं की डॉक्टरबरोबर बसून खरं बोलायची वेळ आलेली असते. तेव्हा खोगीर काढून ठेवायचं की पुढचा निर्णय घ्यायचा हे घोड्याच्या चांगल्या आणि वाईट दिवसांची रोजची नोंद समोर ठेवून ठरवा, कारण वाईट दिवस आपण पटकन विसरतो.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात कुत्र्या-मांजरांच्या आरोग्यावर नेहमी छान लेख येतात, शर्यतींचे निकालही येतात, पण स्वारीच्या घोड्याला पाठीवर माणूस घेऊन काय सोसावं लागतं यावर काही येत नाही. घोड्यांचं काम करणारा एखादा पशुवैद्य आणि एखादा जुना नालबंद, दोघांनाही एकत्र बसवून त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि सोबत त्या 24 वागणुकींची यादी सोप्या मराठीत चित्रांसकट छापा, म्हणजे ती कापून तबेल्याच्या दाराला लावता येईल आणि ज्यांच्या हातात घोडा दिवसभर असतो त्या मोतद्दारांनाही वाचता येईल.

आपली,
एक घोडेस्वार वाचक